समोरून आलेला हात

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'अनोळखी माणसं' हा विषय काढला आणि कुणाला रेल्वेचा डबा, कुणाला इस्पितळाचा व्हरांडा वाटून दिला. मी स्पोर्ट्स कार मागून घेतली. रस्त्यात समोरून आपल्यासारखीच गाडी आली की हे लोक एकमेकांना हात करतात, नाव-गाव माहीत नसताना करतात, आणि तो हात कुणी, कधी, कसा करायचा याचे अलिखित नियम आहेत, एवढं ऐकून होतो. "ही श्रीमंतांची थेरं आपल्या वाचकाला कशाला?" असं संपादक म्हणाले. माझं म्हणणं असं की काच वर आहे, एसी चालू आहे, कुणाशी बोलायची गरज उरलेली नाही, असा माणूस ऐंशीच्या वेगात हात वर का करतो, हे बघण्यासारखं आहे. शिवाय माझ्याकडे स्पोर्ट्स कार नाही. मला कुणी हात करण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे नुसतं बघायला मी मोकळा होतो.

अंगठा आत, चार बोटं बाहेर

पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत रस्ता मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी घाटाकडे जातो. रविवारी उजाडता उजाडता या रस्त्यावर जमिनीला पोट घासत चालणाऱ्या गाड्या येतात. नऊनंतर सहलीच्या गाड्या, कणसाचे ठेले आणि सेल्फीवाले रस्ता भरून टाकतात, म्हणून त्याआधी वर जाऊन परत फिरायचं असा शिरस्ता. मी एका टपरीच्या बाकावर बसलो होतो, जिथून वळणाची दोन्ही टोकं दिसतात.

एक पिवळी पोर्शे चढत होती, समोरून एक राखाडी, वेगळ्याच कंपनीची गाडी उतरत होती. दोघांनी वेग कमी केला नाही. हात खिडकीबाहेर काढला नाही. उजवा हात स्टिअरिंगवर बाराच्या ठोक्यापाशी होता, तिथूनच अंगठा आत अडकवून चार बोटं उभी राहिली आणि पुन्हा मिटली. दोघांची जवळजवळ एकाच क्षणी. बेसनाचा हात पुसत टपरीवाला म्हणाला, "ओळखीचे नसतात हो. दर रविवारी वेगळेच असतात. पण करतात."

कागदावर हिशेब मांडला तर ही किती अवघड गोष्ट आहे ते कळतं. दोन्ही गाड्या ताशी 40 किलोमीटरने एकमेकींकडे येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला बावीस मीटरने घटतं. घाटातल्या वळणापुढे शंभर मीटर रस्ता दिसला तर हातात साडेचार सेकंद. त्यात गाडी ओळखायची, ती आपल्यातली आहे का ठरवायचं, हात उचलायचा, उत्तर आलं का ते बघायचं आणि वळणही घ्यायचं. एवढ्या वेळात जे बसतं तेच टिकतं. म्हणून लांबलचक हात हलवणं हे नवख्याचं लक्षण मानतात. मुरलेला माणूस बोटांवर भागवतो.

कुठल्या हाताने, हे रस्त्याची बाजू ठरवते. आपण डावीकडून चालतो आणि आपलं स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे समोरच्या गाडीचा चालक आपल्या उजव्या खांद्याशेजारून जातो. डावा हात घाटात गिअरवर असतो किंवा गिअरचं पान चाकामागे असलं तरी सवयीने तिथेच घुटमळतो. मोकळा असतो तो उजवा, आणि नेमका तोच समोरच्याच्या जवळचा. मोटारसायकलवर याच्या बरोबर उलटं होतं. तिथे उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर. तो सोडला तर गाडीच मंदावते. म्हणून आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये बुलेटवाले, लांब पल्ल्याचे मोटारसायकलवाले मानेनेच काम भागवतात. युरोपात आणि अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, तिथे समोरच्याच्या बाजूचा डावा हात मोकळा, म्हणून तो खाली सोडून दोन बोटं दाखवायची पद्धत. फ्रान्समध्ये तर बाजूला सरकून वाट देणाऱ्या मोटारचालकाचे आभार मोटारसायकलस्वार उजवा पाय बाहेर काढून मानतो. मोटार त्याच्या उजवीकडे, उजवा हात गुंतलेला, राहिला पाय. आपल्याकडे कुणी पाय दाखवून आभार मानले तर पुढचं सांगायला नको.

दिव्याची भानगड

हाताला पर्याय दिव्याचा. परदेशात जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांचा एक नमस्कार हेडलाइट एकदा लुकलुकवण्याचा होता. तो इथे चालत नाही, कारण आपल्या रस्त्यावर डिपर मारण्याचे अर्थ आधीच वाटून झालेत. ट्रकवाल्याने दुरून डिपर मारला की 'मी येतोय, तू थांब'. मागून मारला की 'बाजूला हो'. दिवसाढवळ्या समोरच्याने मारला की 'पुढे मामा उभे आहेत'. आणि काही जण 'तुझा दिवा चालू राहिलाय' म्हणूनही मारतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये दिवा लुकलुकवण्याचा अर्थ 'मी इथे आहे' एवढाच सांगितलेला आहे, पण तिथला माणूस प्रत्यक्षात 'आधी तुम्ही जा' म्हणायला तो वापरतो. तिकडून शिकून आलेला आपला माणूस इथल्या अरुंद पुलावर सौजन्याने दिवा दाखवतो, आणि समोरचा टेम्पो त्याला गुर्मी समजून जागीच उभा राहतो. दोघेही सभ्य, पूल मोकळा, आणि वाहतूक ठप्प.

जपानमध्ये मागच्याने वाट दिली तर चारी इंडिकेटर दोनतीनदा लुकलुकवून आभार मानतात. आपल्याकडे पार्किंग लाइट लावले की 'मी इथेच मध्ये उभा राहणार, करा काय करायचं ते' असा अर्थ होतो.

न केलेला सलाम

रस्त्यावरच्या या हातामागचा एक जुना व्यवहार मला मुद्दाम सांगायचा आहे, कारण त्यानंतर या सगळ्याकडे बघायची नजर बदलते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी 20 मैलांची, म्हणजे सुमारे 32 किलोमीटरची मर्यादा होती. पोलीस झुडपाआड घड्याळ घेऊन बसत आणि ठरावीक अंतर कापायला किती वेळ लागला ते मोजून खटले भरत. मोटारवाल्यांनी 1905 मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन काढली ती मुख्यतः या सापळ्यांवर उतारा म्हणून. संघटनेची माणसं सायकलवरून रस्त्यावर फिरत आणि सभासदांना पुढच्या सापळ्याची सूचना देत. 1910 च्या सुमारास न्यायालयाने ठरवलं की वेग मोडणाऱ्याला असं सावध करणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. मग संघटनेने शक्कल लढवली. गाडीवर संघटनेचा बिल्ला दिसला की गस्तीवाल्याने सलाम ठोकायचा, हा नेहमीचा रिवाज. आणि सभासदांना पुस्तिकेतून बजावलं, की गस्तीवाल्याने सलाम केला नाही तर थांबा आणि का केला नाही ते विचारा. पुढे सापळा असला की गस्तीवाला सलाम करायचा नाही. कुणी काही न केल्याबद्दल त्याच्यावर खटला कसा भरणार? हा सलाम 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होता. तोवर सापळ्याचं कारण मागे पडून नुसता रुबाब उरला होता. आपल्याकडे मुंबईत 1919 मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली. तिच्याही सभासदांच्या गाड्यांवर बिल्ले मिरवत. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात रेडिएटरच्या जाळीवर ते अजून दिसतात.

माझं मत असं, की रस्त्यावरचा प्रत्येक नमस्कार आधी कामाचा असतो. काम संपलं की तो मिरवायचा होतो. आणि मिरवण्यात गर्दी झाली की मरतो.

तीनशे गाड्या आणि मिटलेले डोळे

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची एमजी टीसी ही छोटी उघडी गाडी अमेरिकेत पोचली. 1945 ते 1949 मध्ये अशा सुमारे दहा हजार गाड्या बनल्या, त्यांतल्या दोनेक हजार अमेरिकेत गेल्या. सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या. म्हणजे अमेरिकेच्या रस्त्यावर हा माणूस समोरच्यापासून लांब, कडेच्या बाजूला बसलेला. टप नाही, काच पुढे आडवी पाडता येते, त्यामुळे हात उंच केला की दिसायचा. आणि हात करायला सबळ कारण होतं: ही गाडी वाटेत बंद पडायची. ब्रिटिश गाड्यांतली वीज लुकास कंपनीची असे, आणि ती इतकी बेभरवशाची मानली जाई की अमेरिकेत या कंपनीच्या जोसेफ लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. शेकडो मैलांत या गाडीचा पाना कुणाकडे असेल, तर तो दुसऱ्या एमजीवाल्याकडे. त्याला आज हात केला, तर उद्या तो थांबेल.

मग 1953 मध्ये शेव्हरोलेची कॉर्वेट आली. पहिल्या वर्षी फक्त 300, सगळ्या पांढऱ्या, आत लाल. स्वतःची दुसरी जुळी रस्त्यात दिसणं हीच बातमी होती, म्हणून दिवा लुकलुकायचा. 1963 च्या मॉडेलपासून कॉर्वेटचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपायला लागले आणि 2004 च्या मॉडेलपर्यंत लपलेले राहिले. आता दिव्याने नमस्कार करायचा तर आधी डोळे उघडायचे, मग लुकलुकवायचे, मग मिटायचे. तोवर समोरचा पुढच्या गावात. हाताला पर्याय राहिला नाही. कॉर्वेटवाल्यांमध्ये 'सेव्ह द वेव्ह' अशी घोषणाच चालते: हात करणं वाचवा. जी गोष्ट आपोआप चालली आहे तिच्यासाठी घोषणा लागत नाही.

हल्ली भारतात एमजीचं बोधचिन्ह लावलेल्या एसयूव्ही जागोजाग दिसतात. दोन हेक्टर समोरासमोर आल्या तर कुणी बोट उचलत नाही. उचलायचं कशाला? टायर फुटला तर फोन आहे.

एक्स्प्रेसवेवर कुणी कुणाला दिसत नाही

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे हा महाराष्ट्रातल्या वेगवान गाड्यांचा हक्काचा रस्ता, निदान कॅमेरे लागेपर्यंत होता. तिथे हा नमस्कार भरपूर सापडेल अशी माझी अटकळ होती. तो तिथे जवळजवळ नाहीच, आणि कारण अगदी साधं आहे.

जाणारे आणि येणारे रस्ते वेगळे, मध्ये दुभाजक, त्यावर झाडोरा किंवा काँक्रीटची भिंत. लॅम्बोर्गिनी हुराकान जमिनीपासून टपापर्यंत 1165 मिलिमीटर, म्हणजे सव्वा मीटरही नाही. उभ्या माणसाच्या छातीशी तिचं छप्पर येतं, आत बसलेल्याचे डोळे आणखी खाली. त्याला दुभाजकापलीकडचं काही दिसत नाही आणि पलीकडच्याला तो दिसत नाही. मर्यादेतल्या शंभरनेच दोघे आले तरी सेकंदाला पंचावन्न मीटर अंतर तुटतं. एकाच दिशेला जाणारे भेटतात ते फक्त मागून किंवा शेजारी, आणि शेजारी आल्यावर नमस्कारापेक्षा शर्यतीची खुमखुमी जास्त. मुंबईच्या सागरी सेतूवर आणि किनारी रस्त्यावर हेच. तिथे 'हात' म्हणजे सायलेन्सरमधून दोनदा काढलेला फटाक्याचा आवाज. करणाऱ्याला तो नमस्कार वाटतो, किनाऱ्याच्या इमारतींत झोपलेल्यांना काय वाटतं ते ते पोलिसांना कळवत असतात.

खरा नमस्कार फूड मॉलवर होतो, गाड्या उभ्या असताना. रविवारी सकाळी ताफा तिथे थांबतो. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप गटावर वेळ, पेट्रोलपंप, 'गटात ओव्हरटेक करायचं नाही' हे सगळं ठरलेलं असतं. ओळख आधी फोनवर झालेली, रस्त्यावर हात करायला अनोळखी कुणी उरतच नाही. नंबर पाट्या बघत फिरलं तर झारखंड, पुदुच्चेरी, दमण असा देशाटनाचा आनंद मिळतो. आयातशुल्क आधीच शंभर टक्क्यांच्या वर, त्यावर महाराष्ट्राचा रस्ताकर, त्यामुळे गाडी मुलुंडची आणि पाटी रांचीची. पाट्यांवरून कुणी कुणाला चिडवत नाही. तेही शिष्टाचारात बसतं.

तिथे खरी उत्साही मंडळी वेगळीच होती: कॅमेरे घेतलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरं. त्यांना प्रत्येक गाडीचं मॉडेल, रंगाचं अधिकृत नाव, आधीचा मालक पाठ. गाडी निघाली की ही पोरं मूठ फिरवून 'आवाज द्या' अशी खूण करतात, आणि पन्नाशीचा उद्योजक आज्ञाधारकपणे अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. मालक मालकाला जेवढा हात करत नाही, तेवढा या पोरांना करतो. कौतुक करायला येणाऱ्याशी बरोबरीचं भांडण नसतं.

आधी कुणी

बरोबरी हा या सगळ्यातला नाजूक भाग. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा आधी कोण वाकला याची नोंद कुणी ठेवत नाही. इथे ती ठेवतात. पोर्शेच्या जगात जुना ठपका आहे, की 911 वाला बॉक्सटरवाल्याला उत्तर देत नाही आणि दोघेही कायेनकडे बघत नाहीत. त्यातही 911 चं इंजिन 1998 पर्यंत हवेवर थंड व्हायचं. त्या जुन्या इंजिनांचे मालक नव्यांना धाकटी पाती समजतात. जीपवाल्यांनी अमेरिकेत याचा विनोदच करून टाकला. गाडी किती जुनी, किती चिखल खाल्लेली यावरून गुण मांडायचे, आणि कमी गुणवाल्याने आधी हात करायचा.

जीपचं नातं आपल्याशी जवळचं. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या आणि त्या वंशातली थार आज नाशिकला बनते. 2010 मध्ये पहिली थार आली तेव्हा थारवाला थारवाल्याला बघून खुलायचा. 2020 मध्ये नवी आली आणि आता कुठल्याही सिग्नलला दोन उभ्या असतात. "आधी हात करायचो. मग दिवसभर तेच करावं लागेल असं दिसलं," एक जुना थारवाला म्हणाला. त्याच्या डॅशबोर्डवर रबरी बदक होतं. ही चाल 2020 मध्ये कॅनडातल्या एका जीपमालकिणीने सुरू केली: उभ्या असलेल्या अनोळखी जीपवर बदक ठेवून निघून जायचं. चालत्या गाडीतून हात करणं जमेना, तर उभ्या गाडीला भेट. त्याचं बदक मात्र त्याने स्वतःच मागवलं होतं.

बाईने हात केला की नियम बदलतात, हे मला एका दंतवैद्य बाईंनी सांगितलं. त्या टप उघडणारी दोन सीटची गाडी चालवतात. सुरुवातीला त्या हौसेने बोटं उचलायच्या. काहींनी उत्तर दिलं, काहींनी पुढे जाऊन गाडी वळवली आणि मागे लागले. "आता मी आधी कधीच करत नाही. समोरच्याने केला आणि शेजारी बायको दिसली, तरच उत्तर." शिष्टाचाराची पुस्तिका कुणी लिहिली तर हे कलम बाईंच्या शब्दांत जसंच्या तसं घालावं.

गतिरोधक

परत ताम्हिणीच्या रस्त्यावर. पौडच्या पुढे एका शाळेसमोर गतिरोधक आहे, बहुधा गावकऱ्यांनी स्वतःच उंच केलेला. तिथे एक लाल बुटकी गाडी अडली. अशी गाडी सरळ घातली तर पोट घासतं, म्हणून तिरकी घालायची, एकेक चाक चढवत. त्यासाठी सगळा रस्ता लागतो. समोरून भाजीचा टेम्पो थांबला, मागे एसटी थांबली. एक पोरगा सायकल टाकून पुढे आला आणि वाकून गाडीच्या पोटाखाली बघत ट्रक-क्लीनरच्या थाटात हात हलवायला लागला, "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडं कट मारा... बस्स!" मागचं चाक उतरलं तसा आतल्या माणसाने काच खाली केली, अख्खा हात बाहेर काढला आणि पोराला, टेम्पोला, एसटीला, सगळ्यांना मिळून एक रामराम घातला. चार बोटांची काटकसर नाही. एसटीच्या चालकानेही तळहात उचलला.

तीच एसटी पुढे चहाला थांबली, म्हणून चालकाला गाठलं. एसटीवाले एकमेकांना हात करतात ते प्रत्येक प्रवाशाने पाहिलेलं असतं. त्यात किती मजकूर असतो ते मात्र मी पहिल्यांदा ऐकलं. नुसता तळहात वर: सगळं ठीक, रस्ता मोकळा. तळहात जमिनीकडे करून खालीवर: हळू घे, पुढे काहीतरी आहे. हात आडवा कापल्यासारखा: रस्ता बंद. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा कायद्यातलाच नियम, त्यामुळे उतरणारा थांबतो आणि चढणारा जाताना हात करतो. ती पोचपावती. ती दिली नाही तर पुढच्या खेपेला तोच माणूस समोर येतो आणि लक्षात ठेवतो. "आम्ही रोज त्याच रस्त्यावर. कोण कसा आहे ते कळतंच ना," चालक म्हणाले.

"आणि या बुटक्या गाड्या? त्या करतात का हात तुम्हाला?"

"करतात की. पोरं चांगली असतात." त्यांनी बशीतला चहा संपवला. "मागल्या पावसात विळ्याच्या अलीकडं मोरी खचली होती. तशीच एक येत होती समोरून, बेफाम. मी काच खाली करून हात असा खालीवर, खालीवर केला, हळू घे म्हणून. त्यानं मला अंगठा दाखवला, हसला, आणि आणखी जोरात गेला."

"मग?"

"मग काय, तासाभरानं परत आलो तर क्रेनची वाट बघत बसला होता. तेव्हा मात्र उठून नमस्कार केला. दोन्ही हातांनी."